टिपेटबाईंची लुक्युलिया

ओकाटो गावात पन्नाशी उलटलेल्या कुणीही मोठी जांभई दिली की मागच्या दाढांत चांदी चमकते. ती चांदी नोएलीन टिपेटबाईंच्या हातची. शाळेच्या मैदानाच्या कडेला एक पांढरी खोली होती आणि लग्नाआधीपासून केस पिकेपर्यंत बाई तिथे शाळेच्या दातांच्या नर्स होत्या. पोरं त्या खोलीला कत्तलखाना म्हणायची. एका पोराचं काम झालं की ते गाल धरून वर्गात परत यायचं आणि दारातूनच पुढचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल ते पोर बाकाखाली शिरायचं.

आता ती पोरं आजोबा-आजी झाली आहेत. कुणाच्या गाई आहेत, कुणी ट्रॅक्टर दुरुस्त करतं. पण दुकानात टिपेटबाई समोर आल्या की अजून सगळे ओठ मिटूनच हसतात. बाई हे हसण्यावारी न्यायच्या, पण मनातून त्यांना ते लागायचं. त्यांचा हात हलका होता, त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. तरी एवढ्या वर्षांत त्यांच्या घरी आपण होऊन चहाला आलेली माणसं थोडीच.

त्यांचा नवरा आयव्हर होता तोवर घरी राबता असायचा. आयव्हर दुधाचा टँकर चालवायचा, गोठ्यागोठ्यावर थांबून गप्पा मारायचा आणि उशिरा घरी यायचा. त्याला बागेचं वेड होतं, कामाचं मात्र नव्हतं. पँटच्या खिशात हात घालून तो बागेत फिरायचा आणि झाडांकडे बघत उभा राहायचा. बाई म्हणायच्या, "नुसतं बघून काय होणार आहे?" तो म्हणायचा, "त्यांनाही कुणीतरी बघावंसं वाटतं गं."

अशा माणसाच्या हातून लुक्युलिया नावाचं ते फुलझाड आलं. कुणीतरी दिलेलं चिमूटभर बी त्याने एका पसरट कुंडीत टाकलं होतं. त्यातलं एकच रोप जगलं. ते त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, उत्तरेच्या भिंतीला लावलं. पृथ्वीच्या या दक्षिण भागात ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून तिथे ते हिवाळाभर असतं आणि वळचण पुढे आलेली असल्यामुळे हिम पडत नाही. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, बाकीची बाग चिखलात मान टाकून बसलेली असताना, तिला फुलं आली. फांदीच्या टोकाला हाताच्या ओंजळीएवढा गुच्छ, आणि रंग इतका गडद गुलाबी की पाहायला आलेले लोक म्हणाले, असा रंग या झाडाला आम्ही कधी पाहिला नाही. वास गोड, पण अंगावर येणारा नाही. थंडीत दार उघडलं की आधी तो घरात यायचा, मग माणूस.

पण झाड मोठं मानी. लुक्युलियाला हिम सोसत नाही, पाण्यात उभं राहणं सोसत नाही, आणि मुळांना हात लावलेला तर मुळीच सोसत नाही. तिची मुळं केसांसारखी बारीक, मातीच्या अगदी वरच्या थरात पसरलेली. कुणी प्रेमाने बुंध्याशी खणलं, की आठवड्याभरात पानं लोंबतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. आयव्हरने हयातीत कितीतरी जणांना तिच्या फांद्यांपासून केलेली रोपं दिली. लोकांनी ती हौसेने लावली, खत घातलं, माती भुसभुशीत केली, अमक्या जागेवरून तमक्या जागेवर हलवली, आणि सगळी मेली. "हिच्याशी वागायचं तर हात खिशात," असं आयव्हर सांगायचा. तिच्याखालचं गवतसुद्धा तो उपटू द्यायचा नाही. बाई गुडघ्यांवर बसून दवाखान्यातल्या जुन्या कात्रीने ते वरच्या वर कापायच्या.

आयव्हर जाऊन चार हिवाळे झाले. दर उन्हाळ्यात बाई तिच्या कोवळ्या काड्या कुंडीत लावायच्या, आणि दर वर्षी त्या काळ्या पडायच्या. एवढं एकच झाड उरलं होतं. बाईंना ते पक्कं माहीत होतं, म्हणून हिवाळ्यात हिम पडणार असं कळलं की त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या.

मग त्यांचं कंबरेचं हाड गेलं. शहरात नेऊन नवा खुबा बसवला, पुढचे काही आठवडे त्या पुतणीकडे राहिल्या, आणि एप्रिलच्या शेवटी रेविन पेपरेलने त्यांना गाडीतून गावी आणलं. रेविन म्हणजे गावच्या सभागृहाच्या समितीची प्रमुख. खाऊच्या जत्रेपासून अंत्यविधीच्या चहापर्यंत कुठलंही काम तिच्या हातून सुटत नसे. फाटकाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "बाई, डोळे मिटा."

"दात बघायचे असले तर तोंड उघडायला सांगतात, रेविन."

"मिटा हो! आम्ही तुमच्यापुढे जन्मभर तोंडं उघडली, तुम्ही एकदा डोळे मिटा."

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर हिरवळ कापलेली, कुंपण छाटलेलं, पन्हळी साफ केलेल्या. गावाने मिळून एक शनिवारभर त्यांच्या घरी श्रमदान केलं होतं. रेविनने नावं घेतली. सगळी एकेकाळी त्यांच्यासमोर दातांच्या खुर्चीत बसलेली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्यातून त्यांना स्वयंपाकघराची खिडकी दिसली.

लुक्युलियाच्या खाली जांभळ्या-पिवळ्या पॅन्झी रांगेने उभ्या होत्या. भोवती झाडाच्या सालीच्या ढलप्यांचा जाड, तपकिरी थर, थेट बुंध्याला टेकलेला.

"तिथे तर नुसतं रान माजलं होतं," रेविन सांगत होती. "मी म्हटलं, सगळं मुळापासून काढा, चांगलं फावडाभर खोल खणा, आणि मग रोपं लावा. तुम्ही खिडकीत उभ्या राहिलात की रंग दिसला पाहिजे."

"कुणी खणलं?" बाईंनी विचारलं.

"डेसने! डेस्मंड पेन्वार्डनने. मलाही खरं वाटलं नाही. पण केलं हो बिचाऱ्याने, पाठ धरून धरून."

बाईंची बोटं चार पायांच्या, आधाराने चालायच्या घोडीवर घट्ट झाली. "फार छान केलंत," त्या म्हणाल्या. "खूपच केलंत तुम्ही."

दुसरं काय म्हणणार? ही माणसं पहिल्यांदाच, कुणी नाव पुकारल्याशिवाय, त्यांच्या दारात आली होती. आता बाईंनी तोंड उघडून सांगावं, की तुम्ही माझ्या नवऱ्याचं झाड मारलंत? रेविन रडली असती. गावभर झालं असतं. आणि दुकानात पुन्हा मिटलेले ओठ, जन्मभर.

त्यांनी काही सांगायचं नाही असं ठरवलं आणि खिडकीशी बसल्या.

फांद्यांच्या टोकांना हिरवट कळ्यांचे गुच्छ धरले होते, हरभऱ्याएवढे. सकाळी पानं ठीक दिसायची. दुपारी ऊन भिंतीवर आलं की ती खाली लोंबायची, ओल्या मोज्यांसारखी. संध्याकाळी थोडी सावरायची. दुसऱ्या दिवशी जरा जास्त लोंबायची. मुळं तुटल्याने असं होतं, आणि पाणी न मिळाल्यानेही असंच होतं. वळचणीखाली पावसाचा थेंब पडत नाही आणि बाई नसताना तिला पाणी घालणारं कुणी नव्हतं. खिडकी उघडून वरून तांब्याभर पाणी ओतणं काही कठीण नव्हतं. पण मुळं तुटलेली असतील तर त्या पाण्याने ती कुजणार, आणि आठवड्याचं मरण दोन दिवसांवर येणार. खाली माती खणलेली आहे का, किती खणलेली आहे, हे कळल्याशिवाय काहीच करता येत नव्हतं. आणि नेमकं तेच बघता येत नव्हतं, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, कंबरेत वाकायचं नाही. वाकलात तर नवा खुबा जागचा निखळेल. जमिनीवरचं काही उचलायचं झालं तर लांब दांड्याचा चिमटा दिला होता. त्या चिमट्याने मोजे चढवता यायचे. मातीत बोट घालून बघणं त्याने कसं होणार?

कुणाला बघायला सांगावं, तर का ते सांगावं लागलं असतं. त्यातून डेस्मंड तर तोंडच दाखवत नव्हता. बाकीचे येऊन गेले, कुणी केक, कुणी सूप घेऊन. फिजोआची फळं पिकली होती आणि गावातल्या प्रत्येक घरात ती खाऊन खाऊन माणसं कंटाळली होती, त्यामुळे रोज सकाळी बाईंच्या पायरीवर कुणाची ना कुणाची बादली भरून ठेवलेली असायची. डेस्मंड तेवढा आला नाही. एकदा रस्त्यावरून जाताना त्याने फाटकाकडे पाहिलं, खिडकीत बाई दिसल्या, आणि त्याची चाल अशी वाढली की एवढी दुखरी पाठ कुठे गेली कळेना.

"एवढा जुना बाप्या झाला, तरी माझी भीती जात नाही," बाई स्वतःशी म्हणाल्या.

मग एका गुरुवारी त्या आतल्या खोलीत पडल्या होत्या. खिडकीपाशी काहीतरी खरखरलं. घोडी ढकलत त्या स्वयंपाकघरात आल्या आणि बघतात तर लुक्युलियाशेजारी डेस्मंड उभा, हातात फावडं. आता ते खाली रोवणार, एवढ्यात बाईंनी चिमट्याने काचेवर ताडकन मारलं.

"डेस्मंड!"

शाळेतल्या खोलीतून जसा यायचा, अगदी तोच आवाज. डेस्मंड एकदम ताठ झाला, फावडं मागे लपवलं, ते त्याच्या डोक्याच्या वर दिसत होतं ते दिसतच राहिलं.

"काही नाही बाई! नुसतं... बघत होतो. सगळं ठीक आहे ना?"

"फावडं घेऊन?"

"ते... तिकडे जात होतो. शेजारच्या मार्गारेटकडे. बटाटे काढायला." आणि तो बागेतून, कुंपणाच्या फटीतून, वाटेतली बादली लाथाडून पसार झाला. फिजोआ हिरवळीवर गडगडत गेले.

बाई खुर्चीत बसल्या. एकदा खणून समाधान झालं नाही, हा पुन्हा खणायला आला होता! आता मात्र बोलायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं. उद्या बोलू. पण दुसऱ्या दिवशी रेविन भोपळ्याचं सूप घेऊन आली, खिडकीतून बघून म्हणाली, "झाड जरा थकलेलं वाटतं हो, थंडीने असेल," आणि बाई म्हणाल्या, "हो, थंडीनेच."

आणखी दोन-तीन दिवसांनी पॅन्झीही माना टाकू लागल्या. पुढच्या रांगेतली एक तर पूर्ण वाळली. बाईंना ते वाळकं फूल खुपत राहिलं. त्यांनी आयुष्यात कुठे किडलेलं तसंच राहू दिलं नव्हतं. शेवटी त्या घोडी घेऊन, एकेक पाऊल टाकत, बाहेर आल्या, ताठ उभ्या राहिल्या, चिमट्याची टोकं त्या पॅन्झीच्या बुडाशी नेली आणि दांडा दाबून वर ओढलं.

फूल वर आलं. त्याच्याबरोबर काळी प्लॅस्टिकची कुंडीही वर आली.

बाई बघतच राहिल्या. रोपवाटिकेतून आणतात तीच कुंडी, बाजूला दुकानाची पिवळी चिठ्ठी अजून तशीच. त्यांनी ती बाजूला टाकली आणि शेजारचं झाड धरलं. तेही कुंडीसकट. तिसरंही. ओळीत जेवढी होती तेवढी सगळी कुंड्यांत, सालीच्या ढलप्यांत नुसती खोचून ठेवलेली, केकवरच्या मेणबत्त्यांसारखी.

मग त्यांनी घोडीचा रबरी पाय पुढे केला आणि त्याने ढलपे बाजूला सारले. थर खोल होता. त्याच्या तळाशी त्यांचंच जुनं गवत होतं, पिवळं पडलेलं, पण मुळांवर उभं, टोकं कात्रीने कापलेली. त्याखालची माती काळी, दाबलेली, गेल्या वर्षीच्या पानांची खपली अजून तिच्यावर. फावड्याचं पातं तिथे शिरलेलं नव्हतं. सुईसुद्धा शिरलेली नव्हती.

बाई हसायला लागल्या. हसल्या की खुबा दुखायचा, म्हणून त्यांनी भिंतीला टेकून, दात दाबून हसून घेतलं. मग आत गेल्या, खिडकी उघडली आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतलं. माती ते पीत असल्याचा बारीक आवाज येत होता. तो ऐकत त्या खिडकीत उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग फोन उचलला.

"डेस्मंड," त्या म्हणाल्या, "पुढचं नाव तुझं."

पलीकडे खुर्ची खरकन मागे सरकली.

"ये असा. लगेच."

तो आला. मोठी बादली भरून फिजोआ घेऊन आला, आणि ती पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. टेबलावर ओळीने पॅन्झीच्या कुंड्या मांडलेल्या त्याने पाहिल्या.

"बस," बाई म्हणाल्या.

बादली खाली ठेवून तो बसला. मान थोडी मागे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. सवयीनेच.

"हे काय आहे?"

"पॅन्झी आहेत, बाई."

"आणि भोवती?"

"कुंड्या." तो पुढे झुकला. "बाई, खरं सांगतो. रेविनने खणायला सांगितलं. पण पाठ होती. आणि नातवाची मॅच होती अडीचला, त्याची पहिली. म्हटलं, आज नुसत्या ठेवू, उद्या येऊन नीट लावू. रेविन 'झालं का?' म्हणाली, मी 'झालं' म्हटलं. मग उद्याचं राहिलं. मग तुम्ही आलात. मग मी त्या दिवशी फावडं घेऊन आलो होतो, खरंच खणणार होतो, अगदी खोल, पण तुम्ही—"

"डेस्मंड, तू गवत तरी उपटलंस का?"

"नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "वर ढलपे टाकले. लाज वाटते हो सांगायला."

बाई उठल्या, टेबलाला धरून त्याच्यापर्यंत आल्या आणि त्यांनी त्याच्या केस विरळ झालेल्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी त्याला आठ वर्षांचा असतानासुद्धा केलं नव्हतं.

"तू जर कामसू असतास ना," त्या म्हणाल्या, "तर आज मी एकटी पडले असते रे."

डेस्मंडला काही कळलं नाही. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, केसांसारखी मुळं, आयव्हर, काळ्या पडणाऱ्या काड्या, आणि फावडं रोवलं असतं तर काय झालं असतं ते. ऐकता ऐकता तो पांढरा पडला आणि मग हळूहळू लाल झाला.

"म्हणजे मी बरोबर केलं?"

"तू काहीच केलं नाहीस. तेच बरोबर केलंस."

तो हसला. पूर्ण तोंड उघडून, मागच्या चांदीपर्यंत. बाईंनी सवयीने बघून घेतलं, भरलेलं अजून शाबूत होतं.

त्याच दुपारी तो पोटावर आडवा झाला आणि त्याने बुंध्याला टेकलेले ढलपे हाताने, एकेक करून, मागे ओढले. बाई खिडकीतून सांगत होत्या. "हळू. बोटांनी. गवताला हात लावू नकोस."

"नाही लावत बाई. मला गवत आवडायला लागलंय."

पानं चार दिवसांत सावरली. जूनच्या मध्याला, डोंगरावर पार खालपर्यंत बर्फ उतरला त्या आठवड्यात, पहिला गुच्छ उमलला. बाईंनी रेविनला फोन केला आणि श्रमदानाच्या सगळ्या मंडळींना दुपारच्या चहाला बोलावलं. फिजोआचा जॅम होता, स्कोनचे गोडसर पाव होते, मलई होती. खिडकी थोडी उघडी ठेवली होती. माणसं आत येताना बोलत यायची आणि दारात वास आला की गप्प व्हायची.

"बघितलंत?" रेविन सगळ्यांना म्हणाली. "खणलं की असं होतं! आयव्हरने बिचाऱ्याने कधी हात लावला नाही या वाफ्याला. पुढच्या वर्षी आपण सगळे मिळून दोन फावडी खोल—"

डेस्मंडला स्कोनचा ठसका लागला. कुणीतरी त्याच्या पाठीत थापट्या मारल्या.

"नको, रेविन," टिपेटबाई शांतपणे म्हणाल्या आणि तिच्या कपात चहा ओतला. "तो वाफा मी डेस्मंडला दिलाय. कायमचा. तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"डेसला?" रेविनने डोळे मोठे केले. "अहो, त्याने रोवलेले कुंपणाचे खांब वाऱ्याबरोबर झोपतात!"

सगळे हसले. डेस्मंडही हसला. खोलीभर चांदी चमकत होती, आणि बाई ती बघत होत्या.

त्या उन्हाळ्यात बाईंनी लुक्युलियाच्या चार कोवळ्या काड्या कापल्या. या वेळी स्वतः लावल्या नाहीत. इतकी वर्षं त्या काळ्या का पडत होत्या, हे त्यांना आता उमगलं होतं. मूळ फुटलं का बघायला त्या दर आठवड्याला काडी उपसून बघत असत. त्यांनी त्या डेस्मंडला दिल्या. तो म्हणाला, छपरीत सावलीला ठेवतो, पाणी घालतो. आणि पुढे तो त्यांच्याबद्दल काही बोललाच नाही.

फिजोआ पुन्हा पिकायला लागले तेव्हा बाईंनी विचारलं. डेस्मंडने कपाळावर हात मारला. "अरे देवा. बाई, मी विसरलोच!"

दोघं त्याच्या छपरीत गेले. आता बाईंच्या हातात नुसती काठी होती. पावसाचं पाणी छपराच्या एका भोकातून थेंब थेंब कुंडीत पडत आलं होतं. तीन काड्या काळ्या पडल्या होत्या. चौथीला नवी पानं होती, हिरवीगार, आणि कुंडीच्या बुडाच्या भोकातून पांढरं मूळ केसाएवढं बाहेर आलं होतं.

डेस्मंडने हात पुढे केला.

"खिशात," बाई म्हणाल्या.

त्याने दोन्ही हात खिशात घातले. बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि कोटाच्या खिशांत आपलेही हात घातले. मग दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले.